औषध मारण्याआधी: अंगणातल्या आणि सोसायटीतल्या झाडांचे रोग-किडी आवरण्याचा नीट क्रम

झाडाची पानं काळी-पिवळी दिसायला लागली की माळीकाका विचारतात, "ताई, औषध मारून टाकू का?" आणि बहुतेक घरांतून उत्तर येतं, "मारा." कोणतं औषध, कशावर आणि झाडाच्या कुठल्या भागावर, हे कुणीच विचारत नाही. दुखणं मुळाशी साचलेल्या पाण्याचं असतं आणि फवारा पानांवर पडत राहतो. पुण्यातल्या बंगल्यांच्या आवारांत आणि सोसायट्यांच्या बागांत हे सारखं दिसतं, म्हणून हा लेख.

आधी ओळख, मग माती-पाणी, मग हातानं काढणं, मग छाटणी, आणि फवारणी सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर निम्म्या वेळा फवारणीपर्यंत जावंच लागत नाही.

## तयारी: हाताशी काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग सगळ्यात आधी घ्या. ते नसताना केलेली ओळख बहुतेक वेळा अंदाजच असतो. त्याशिवाय खुरपं, धारदार सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), घडीची करवत, जुना दात घासायचा ब्रश, सायकलच्या चाकाची एक तार, सर्जिकल स्पिरिट आणि जुनं फडकं जमवा. औषध मोजायला ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा आणि मिलीच्या खुणा असलेलं माप लागतं. बाटलीच्या टोपणानं औषध ओतायची सवय सोडा, कारण प्रत्येक बाटलीचं टोपण वेगळ्या मापाचं असतं.

फवारणीचा पंप झाडांसाठी वेगळा ठेवा. ज्या पंपातून एकदा तणनाशक मारलं, तो कितीही धुतला तरी झाडावर वापरू नका. नळीत उरलेल्या अंशानंही नवी पालवी चुरगळते, आणि मग लोक त्याला विषाणूजन्य रोग समजतात.

फोनमध्ये प्रत्येक झाडाच्या ठरावीक फांदीचे फोटो तारखेनिशी ठेवा. बरं होतंय की बिघडतंय, याचं उत्तर आठवणीतून मिळत नाही.

परवानगी: झाड तुमच्या आवारात असलं तरी ते तोडायला आणि फांद्यांची छाटणी करायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. यामागे १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. वाळलेली काडी किंवा किडलेली पानं काढण्याची गोष्ट वेगळी. मात्र मनगटाएवढ्या फांदीला करवत लावण्याआधी उद्यान विभागात अर्ज करा.

## टप्पा १: झाड खरंच आजारी आहे का?

जानेवारी ते मार्चमध्ये पुण्यात अनेक झाडं पानं टाकतात. देशी बदामाची पानं लालबुंद होऊन गळतात, पिंपळ रिकामा होतो, सीताफळ काट्याकुट्यांसारखं दिसतं, चाफ्याच्या नुसत्या फांद्या उरतात. ही ऋतूची पानगळ आहे. या काळात घाबरून पाणी आणि खत वाढवलं तर मुळं कुजतात. शंका आली तर नखानं कोवळ्या काडीची साल जराशी खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर काडी जिवंत आहे.

आंब्याची नवी पालवी तांबूस आणि लोंबती असते, ती सुकलेली नसते.

सातवीणीच्या पानांवर फोडांसारख्या गाठी येतात. रस्त्याकडेच्या कित्येक सातवीणी अशा दिसतात. त्या गाठी एका रस शोषणाऱ्या किडीमुळे होतात, आणि करंजाच्या पानांवरच्या बारीक गाठी कोळ्यांमुळे, म्हणजे अतिसूक्ष्म माइट्समुळे; जाळं विणणारे कोळी ते नव्हेत. झाड मोठं असेल तर दोन्हींकडे दुर्लक्ष करा. झाड त्यानं मरत नाही, आणि गाठीच्या आत बसलेल्या किडीपर्यंत वरची फवारणी पोचतही नाही.

खोडावर करड्या-हिरवट खपल्या दिसल्या तर ते दगडफूल. त्याला खरवडायचं कारण नाही, खरवडून सालीलाच जखम होते.

बांडगूळ मात्र खरा परजीवी. आंब्यावर ते दिसलं की नुसतं तोडून उपयोग नाही. जिथून ते फांदीत शिरलंय त्याच्या फूटभर खालून फांदीच काढावी लागते, आणि तीही त्याला फळं येण्याआधी. फळं धरल्यावर पक्षी ती खातात आणि बी शेजारच्या फांद्यांवर चिकटवून जातात.

## टप्पा २: बुंध्यापासून वर पाहत जा

सगळे आधी पानं पाहतात. तुम्ही जमिनीपासून सुरुवात करा.

बुंधा जमिनीत शिरतो तिथे तो थोडा रुंदावलेला दिसायला हवा. तो सरळ खांबासारखा मातीत गेलेला दिसत असेल तर त्याच्यावर माती चढलेली आहे. हातानं माती बाजूला करा आणि साल मऊ, काळपट किंवा कुबट वासाची आहे का ते बघा. पावसाळ्यानंतर बुंध्याशी तपकिरी, टणक छत्री उगवलेली दिसली, विशेषतः गुलमोहराला, तर ती आतल्या लाकूडकुजीची खूण असते. ती छत्री काढून टाकली म्हणून कूज थांबत नाही. असं झाड रस्त्यावर, पार्किंगवर किंवा मुलांच्या खेळायच्या जागेवर झुकलेलं असेल तर पुढचे टप्पे सोडा आणि थेट उद्यान विभागाला कळवा.

मग खोडावर या. ताजा भुसा, डिंक, ओघळ, भोकं, मातीच्या नळ्या शोधा. मातीच्या नळ्या वाळवीच्या. त्या ब्रशनं पाडा आणि खालची साल तपासा. वाळवी बहुतेकदा मेलेली सालच खाते, त्यामुळे साल आधी का मेली हा खरा प्रश्न असतो.

मग फांद्यांच्या बेचक्या बघा, आणि शेवटी पानं, तीही उलटी करून. मावा, पांढरी माशी, खवले कीड, लाल कोळी हे सगळे पानाच्या पाठीवर राहतात.

पाहताना हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा. बिघाड नव्या पानांवर आहे की जुन्या? एकाच फांदीवर आहे की सगळीकडे? शेजारच्या वेगळ्या जातीच्या झाडांवरही तसंच आहे का? वेगवेगळ्या जातींच्या झाडांची पानं एकाच वेळी कडेनं करपत असतील तर कारण बहुधा पाणी किंवा माती असतं. रोग सहसा एका जातीवर किंवा जवळच्या जातींवर येतो.

तपासा: काही किडी रात्रीच दिसतात. जूनच्या पहिल्या सरींनंतर कडुनिंबाची पानं एकाएकी कुरतडलेली दिसली तर अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जा. तपकिरी हुमणीचे भुंगेरे फांद्यांना लगडलेले असतात. फांदी हलवून ते साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. दिवसा फवारून काही हाती लागत नाही.

## टप्पा ३: खुणांवरून ओळख

चिकट आणि काळं. पार्किंगमधल्या गाडीच्या काचेवर चिकट थेंब दिसायला लागले की वर बघा. रस शोषणाऱ्या किडी साखरेसारखा चिकटा टाकतात आणि त्यावर काजळी नावाची काळी बुरशी वाढते. ओल्या बोटानं पान पुसा. काळं निघालं तर काजळी, नाही निघालं तर डाग पानाच्या आत आहे. काजळीवर बुरशीनाशक मारणं ही पुण्यातली फार नेहमीची चूक. काजळी पानातून काही खात नाही. वरची कीड गेली की ती आपोआप वाळून झडते.

कीड कोणती, हे भिंग सांगेल. पेरू, चाफा, बदाम यांच्या पानांच्या पाठीवर पांढऱ्या मेणाच्या गोल-गोल रेघा असतील तर ती चक्राकार पांढरी माशी. जास्वंद, सीताफळ, पपई यांच्यावर कापसासारखे पुंजके असतील तर मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. आंब्याच्या मोहोराजवळ उभं राहिल्यावर अंगावर टकटक उडून बसतात ते तुडतुडे.

मिलीबगच्या पुंजक्याकडे मारण्याआधी एक मिनिट बघत राहा. मिलीबग लंबगोल असतो, कडेला आखूड तंतू असतात आणि तो जवळजवळ हलत नाही. त्यांच्यातच कधी एखादा मोठा, लांब पांढऱ्या झिपऱ्यांचा किडा दिसतो. काडीनं डिवचला तर तो लगबगीनं चालायला लागतो. तो क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी आहे. तो मिलीबग खातो, आणि दिसतो मात्र मिलीबगपेक्षाही भयंकर. लोक आधी त्यालाच चिरडतात. पपईवरचा मिलीबग देशभर पसरला तेव्हा २०१० मध्ये पोर्टो रिकोहून असेरोफॅगस पपायी ही बारीकशी परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली गेली, आणि पुढे तिनंच तो आटोक्यात ठेवला. झाडावर असे पाहुणे आधीपासून असतील तर सरसकट कीटकनाशक मारून आपण आपलीच फौज मारतो.

पांढरी पिठी. आंब्याच्या मोहोरावर पिठी सांडल्यासारखं दिसलं आणि फुलं तपकिरी होऊन गळली तर भुरी. पुण्यात मोहोर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत येतो. थंड रात्री आणि ढगाळ सकाळी हे तिचे दिवस.

नारिंगी पूड. चाफ्याच्या पानाच्या पाठीवर किंवा अंजिराच्या पानांवर बोटाला लागणारी नारिंगी-तपकिरी पूड म्हणजे तांबेरा.

खरखरीत ठिपके. लिंबाच्या पानांवर, काड्यांवर आणि फळांवर उंचवटे आलेले, बुचासारखे, भोवती पिवळं वलय असलेले ठिपके म्हणजे खैऱ्या. हा जिवाणूंचा रोग आहे. नेहमीची बुरशीनाशकं इथे वाया जातात, तांबेयुक्त औषधच चालतं. कोवळ्या लिंबाच्या पानांवर चांदीसारख्या वेड्यावाकड्या रेघा असतील तर मात्र ती पानं पोखरणारी अळी.

नवं पान पिवळं, शिरा हिरव्या. हा रोग नाही. बोअरचं जड पाणी आणि चुना असलेली माती यांमुळे झाडाला लोह मिळत नाही. लिंबू, सोनचाफा, अनंत यांच्यावर हे सर्रास दिसतं.

डिंक. लिंबाच्या बुंध्याजवळ साल फाटून डिंक येत असेल तर डिंक्या, आणि त्याचं मूळ जवळजवळ नेहमी बुंध्याशी साचणाऱ्या पाण्यात असतं.

## टप्पा ४: आळं, माती, पाणी

हा टप्पा लोक वगळतात, म्हणून त्यांची फवारणी दर महिन्याला सुरू राहते.

अनेक सोसायट्यांच्या बागा बांधकामाच्या राडारोड्यावर फूटभर लाल माती टाकून केलेल्या असतात. वरून हिरवं दिसतं, पण दीड फुटावर विटांचे तुकडे आणि सिमेंट लागतं. अशा ठिकाणी पाणी एक तर झिरपून निघून जातं, नाही तर साचून राहतं. आळ्याच्या कडेला खुरप्यानं वीतभर खोल खणून बघा. वीतभर खाली माती ओली असेल तर पाणी देऊ नका. वरची माती वाळलेली दिसते म्हणून रोज पाइप सोडणं हे मूळकुजीचं पहिलं कारण.

बुंध्यावर चढलेली माती आणि पालापाचोळा एक वीत बाजूला करा. पेव्हर ब्लॉक बुंध्याला टेकले असतील तर किमान एक मीटर जागा मोकळी करून घ्या. सोसायटीच्या सभेत हे मांडायला जड जातं, पण झाडाच्या आयुष्याला एवढा उपयोगी दुसरा खर्च नाही.

आळं बुंध्याला चिकटून नसावं. लिंबूवर्गीय झाडांना दुहेरी आळं करा. बुंध्याभोवती मातीचा एक उंचवटा आणि त्याच्या बाहेर पाण्याचं कडं, म्हणजे पाणी सालीला लागत नाही. मोठ्या झाडाला पाणी फांद्यांच्या घेराखाली द्या. पाणी पिणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात.

मूळकुजीची शंका असेल तर पाणी तोडा, माती मोकळी करा आणि पूर्ण कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) मिसळून ते घेराखालच्या मातीत द्या. अर्धवट कुजलेलं, गरम शेणखत नको. ते हुमणीला आणि नारळावरच्या गेंड्या भुंग्याला निमंत्रण असतं.

इशारा: आजारी झाडाला युरिया देऊ नका. त्यानं कोवळी, लुसलुशीत पालवी येते आणि मावा, तुडतुडे तिच्यावरच तुटून पडतात.

## टप्पा ५: हातानं आणि पाण्याच्या धारेनं

मावा, पांढरी माशी, कोळी यांच्यावर पहिला उपाय साध्या पाण्याची जोरदार धार. सकाळी, पानांच्या पाठीवर, आठवड्यातून दोन-तीनदा. खैऱ्या किंवा करपा (पानांवर जळल्यासारखे तपकिरी-काळे डाग पाडणारा बुरशीचा रोग) असेल तर मात्र वरून पाणी मारू नका, उडणाऱ्या थेंबांतून तो पसरतो.

मिलीबग आणि खवले ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा. सगळ्यात जास्त भरलेली टोकं कापून पिशवीत बांधा. ती नुसती खाली टाकली तर किडे चालत परत वर जातात.

मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय मिलीबग जात नाही. चिकट्यासाठी मुंग्या त्यांना राखतात आणि त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. खोडावर, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर वीतभर रुंद प्लॅस्टिकची पट्टी सुतळीनं घट्ट बांधा, खालच्या फटीत चिकणमाती भरा आणि ग्रीस पट्टीवर लावा. ग्रीस थेट सालीला लावू नये, साल मरते. भिंतीला किंवा तारेला टेकलेली एक जरी फांदी राहिली तरी मुंग्यांना तिकडून पूल मिळतो. काम झाल्यावर पट्टी सोडा, नाही तर खोडात रुतते.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी लिंबावरच्या फुलपाखराची. मोठी झाली की ती हिरवी होते. झाड लहान असेल तर वेचून काढा. मोठं असेल तर राहू द्या, चार पानांवर एक फुलपाखरू मिळतं.

पेरू आणि आंब्याच्या फळमाशीला फवारणीनं आवरता येत नाही, कारण अळी फळाच्या आत असते. पडलेलं प्रत्येक फळ रोज उचला. ते कंपोस्टच्या ढिगावर टाकू नका. काळ्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा. मिथाइल युजेनॉलचा (माश्यांना वासानं ओढणाऱ्या रसायनाचा) सापळा फळं पक्व होण्याच्या आधीपासून सावलीत, डोक्याएवढ्या उंचीवर टांगा. त्यात फक्त नर अडकतात, म्हणून केवळ सापळ्यावर भिस्त ठेवू नका. हाताला येणारी फळं कागदी किंवा जाळीदार पिशवीत बांधा. पावसाळी पेरूला तर याशिवाय गत्यंतर नाही.

## टप्पा ६: छाटणी

कोरडे दोन-तीन दिवस बघून छाटणी करा, भर पावसात नको. प्रत्येक झाडानंतर सिकेटर आणि करवत फडक्यानं पुसून स्पिरिट लावा. खैऱ्या किंवा शेंडेमर असेल तर प्रत्येक कापानंतर. रोगट भागाच्या खाली वीतभर निरोगी लाकूड घेऊन कापा. कापलेलं टोक बघा, आतल्या लाकडात तपकिरी रेघ दिसली तर आणखी खाली जा.

जाड फांदी एका घावात कापली तर ती स्वतःच्या वजनानं मोडते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलत जाते. म्हणून तीन काप घ्या. पहिला खोडापासून फूटभर लांब, खालच्या बाजूनं, फांदीच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, म्हणजे फांदी सुटते. तिसरा उरलेल्या खुंटाचा. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो. शेवटचा काप त्या फुगवट्याच्या बाहेरून घ्या. फुगवटा कापला तर जखम भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून कूज आत नेतो.

कापावर ऑइलपेंट, डांबर किंवा शेण लावू नका. आंबा आणि लिंबूवर्गीय झाडांच्या मोठ्या कापांना, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर, बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप, कृती पुढच्या टप्प्यात) लावा. लहान काप तसेच उघडे राहू द्या.

पानं पोखरणारी अळी दिसली म्हणून लिंबू पुन्हा पुन्हा छाटू नका. प्रत्येक छाटणीनंतर नवी पालवी येते आणि अळीला तीच हवी असते.

## टप्पा ७: खोडाचे उपचार आणि नारळ

खोडकिडा. आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा ताजा भुसा दिसला की त्याच दिवशी हात घाला. भोक शोधा, तोंडाशी साफ करा, सायकलच्या तारेचं टोक आकड्यासारखं वाकवून आत घाला आणि अळी ओढा किंवा टोचा. ती बोटभर लांब, जाडजूड, पिवळट असते. मग पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा छोटा बोळा आत ढकलून भोक ओल्या मातीनं लिंपा. पेट्रोल सालीवर सांडू नका, आणि काम होईपर्यंत जवळ विस्तव नको.

तपासा: लिंपलेल्या जागेखाली कागद ठेवा. चार-पाच दिवसांत नवा भुसा पडला तर दुसरं भोक शोधायचं राहिलं आहे.

पेरूच्या बेचक्यांत भुसा आणि विष्ठेच्या जाळीदार माळा दिसतात, ती साल खाणारी अळी. जाळी ब्रशनं साफ करून हाच उपाय करा.

बोर्डो पेस्ट. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. मोरचूद अर्ध्या लिटरमध्ये आणि चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत. लोखंडी बादली नको. मोरचुदाचे खडे फडक्यात बांधून पाण्यात वरच्या वर लोंबकळत ठेवले तर रात्रीतून विरघळतात, तळाशी टाकले तर तसेच बसून राहतात. चुना आधी थोड्या पाण्यात फोडा, थंड होऊ द्या, मग गाळा. आता मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू ओता आणि ढवळत राहा. सुंदर आकाशी निळा रंग येतो. घासलेलं चाकूचं पातं मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, तो आणखी घाला. नाही तर साल भाजते. पेस्ट त्याच दिवशी संपवा. खोडाला जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत, मे अखेरीस एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा लावा. डिंक्या असेल तर आधी सुटलेली, कुजलेली साल चाकूनं हलकेच खरवडून घ्या.

चुना-गेरूचे पट्टे दिसायला छान असतात आणि चुना उन्हापासून सालीला थोडं वाचवतोही. पण ते रोगावरचं औषध नव्हे.

नारळ. झावळ्यांना कात्रीनं कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर गेंड्या भुंगा. शेंड्याजवळच्या झावळ्यांच्या बेचक्यांत तीन डांबरगोळ्या ठेवून त्यांवर बारीक वाळू घाला आणि दीड महिन्यानं पुन्हा बघा. आवारात उघडा शेणाचा ढीग ठेवू नका, भुंगा तिथेच अंडी घालतो. खोडावर भोकातून तपकिरी, आंबूस द्रव ओघळत असेल आणि कान लावला की आत कुरतडल्याचा आवाज येत असेल तर सोंड्या भुंगा. इथे वेळ दवडू नका, शेंडा कलल्यावर झाड सहसा वाचत नाही. आणि हिरव्या झावळ्या बुडापासून कापू नका. ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या येतो. कापावीच लागली तर चार फूट देठ ठेवा.

## टप्पा ८: फवारणी

इथपर्यंत सगळं करूनही कीड वाढत असेल तरच.

डब्यावरचा त्रिकोण आधी बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. घराच्या आवारात लाल आणि पिवळा नकोच. मुलं, मांजरं, शेजारची उघडी खिडकी, गच्चीवरची टाकी हे सगळं इथे आहे.

रस शोषणाऱ्या किडींसाठी कडुनिंबाचं तेल, १ लिटर पाण्याला ५ मिली. तेल थेट पाण्यात ओतलं तर वर तरंगतं आणि जिथे पडेल तिथलं पान जाळतं. आधी तेलात तेवढाच द्रव साबण घाला, थोडं कोमट पाणी घालून दुधासारखं होईपर्यंत घुसळा, मग उरलेलं पाणी. कपड्यांची साबण पावडर नको. वर तेलाचा तवंग दिसला तर ते मिश्रण वापरू नका.

पावसाळ्यात हवा दमट असताना मिलीबग आणि पांढऱ्या माशीवर लेकॅनिसिलियम ही मित्रबुरशी, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी. ती ऑक्टोबरच्या उन्हात मारली तर टिकत नाही. आणि ती स्वतःच बुरशी असल्यानं गंधक किंवा तांबेयुक्त औषधासोबत एकाच पंपात घालू नका.

भुरीसाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, मोहोर बाहेर पडताना. फुलं उमलल्यावर थांबा, परागीभवन करणाऱ्या माश्या त्या वेळी कामावर असतात. पारा ३२-३३ अंशांवर गेला की गंधक पानं भाजतं. तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे गंधक नको, गंधकानंतर तेवढेच दिवस तेल नको.

खैऱ्या, करपा यांच्यासाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला अडीच ग्रॅम, किंवा १ टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना. पावसाच्या आधी मारलं तर उपयोग. डाग पडून गेलेली पानं कुठल्याच औषधानं पुन्हा हिरवी होत नाहीत, नवी पानं स्वच्छ येतात की नाही तेवढंच बघायचं.

आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा. पानं भाजली नाहीत तर सगळ्या झाडावर. वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यावरची, वारा नसताना. पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क, चष्मा. माळीकाका फवारणार असतील तर हे सगळं त्यांनाही तुम्हीच द्यायचं. "सवय आहे हो आपल्याला" म्हणाले तरी द्यायचं. नोझल वर करून पानांच्या पाठी भिजवा, थेंब ओघळायला लागले की थांबा. फळझाड असेल तर डब्यावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत फळ तोडू नका. उरलेलं औषध ड्रेनेजमध्ये ओतू नका. मुळात लागेल तेवढंच बनवा.

इशारा: दोन-तीन औषधं एकत्र करून "एकदाच मारून टाकू" हे कधीही करू नका. काय लागू पडलं ते कळत नाही, आणि बऱ्याच जोड्या एकमेकांना निकामी करतात किंवा पानं जाळतात.

## टप्पा ९: पुन्हा पाहणी, आणि मदत कधी घ्यायची

आठव्या दिवशी त्याच फांदीचा फोटो काढून आधीच्याशी ताडून बघा. मेलेले मिलीबग आणि खवले पानाला चिकटूनच राहतात, म्हणून नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. टाचणीनं दाबा. ओलसर निघाला तर जिवंत, कोरडं टरफल असेल तर मेलेला. लहान पिल्लं निघून पुन्हा वाढू लागतात, त्यामुळे दहा-पंधरा दिवसांनी दुसरी फेरी लागू शकते. दोन फेऱ्यांनंतरही काही फरक नसेल तर औषध बदलण्याआधी ओळख तपासा. टप्पा २ पासून पुन्हा.

एकाएकी अख्खं झाड कोमेजलं, शेंड्याकडून खाली मरत आलं, किंवा खोडाला पोकळ आवाज येत असेल तर घरगुती उपाय थांबवा. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र आणि कीटकशास्त्र हे दोन्ही विभाग आहेत. दाखवायला नेताना पूर्ण वाळलेली काडी नेऊ नका, त्यातून काही कळत नाही. जिथे हिरवा भाग आणि रोगट भाग मिळतात ती फांदी, पानांसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना वाटेतच सडतो. मूळकुजीची शंका असेल तर बारीक मुळं आणि मूठभर माती वेगळ्या पिशवीत घ्या, कीड असेल तर जिवंत किडे झाकणाच्या छोट्या डबीत. सोबत झाडाचे फोटो, शेवटचं पाणी कधी दिलं ते आणि आजवर काय काय मारलं त्याची यादी, डब्यांवरच्या नावांसकट.